हवेला पाटी कुठं लावायची?

पुण्यात मोठी आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं. अग्निशमन दलाच्या जवानांनी जिवाची बाजी लावून आग आटोक्यात आणली. हे वाक्य लिहायला आम्ही कंटाळत नाही आणि वाचायला महापालिका कंटाळत नाही. जिवाची बाजी लावायला लेखाशीर्ष लागत नाही ना! बीए सेटला लागतं.

बीए सेट म्हणजे जवानाच्या पाठीवरचं श्वसनयंत्र. त्यात ऑक्सिजन असतो असं पुष्कळांना वाटतं. नसतो. तुमची-आमची साधी हवाच असते, फक्त गाळून, कोरडी करून ३०० बार दाबानं कोंबलेली. ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये अशी सुमारे दोन हजार लिटर हवा मावते आणि कागदावर ती पाऊण तास पुरते. पण कागदावरचा जवान जिने चढत नाही, पाण्यानं भरलेला होज ओढत नाही आणि बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेत नाही. खरा जवान दुप्पट हवा खातो. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की यंत्राची शिट्टी आपोआप वाजते आणि तेव्हा हातातलं काम सोडून बाहेर यायचं असतं. शिट्टी ऐकून थांबणारी पुण्यातली ही बहुधा एकमेव जमात. बाकीचे आपण चौकात शिट्टी ऐकली की गियर बदलतो.

आगीत माणसं जळून मरतात, हा सिनेमावाल्यांनी करून दिलेला समज. बहुतेकांना ज्वाळांच्या आधी धूर गाठतो. तापकीर गल्लीतली वायर, लक्ष्मी रस्त्यावरच्या गोदामातल्या कृत्रिम धाग्याच्या साड्या, तुमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्याचा फोम, हे सगळं पेटलं की कार्बन मोनॉक्साइड निघतो, फोममधून वर हायड्रोजन सायनाइडही. पहिल्याला ना रंग, ना वास. नाकाला ओला रुमाल लावला की भागतं, ही आपली पारंपरिक श्रद्धा. रुमाल काजळी अडवतो, वायूला तो अडवत नाही. त्यात आपली तळघरं. नकाशात तिथं पार्किंग असतं आणि प्रत्यक्षात खोक्यांची थप्पी. तिथं पेटलं की धुराला जायला वाट नसते आणि जवानाला यायला एकच असते, तीही धुरानं भरलेली. बीए सेट नसेल, तर तिथं शूराचं आणि भित्र्याचं फुप्फुस सारखंच काम करतं.

आता एवढी उपयोगाची वस्तू, मग ती चटकन का घेतली जात नाही? हा प्रश्न मी आमच्या कट्ट्यावरच्या एका निवृत्त हेडक्लार्कना विचारला. चाळीस वर्षं फायली हलवलेला माणूस. (न हलवलेल्याही.) म्हणाले, "अहो, ती दिसते कुठं?"

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. बाकड्यावर नाव घालता येतं. कापडी पिशवीवर फोटो छापता येतो. नगरसेवकांच्या 'स' यादीतल्या निधीतून आलेल्या बाकड्यावर बसणाऱ्या माणसाला माननीयांचं नाव पाठीत टोचतं, पाच वर्षं टोचत राहतं आणि मतदानाच्या दिवशी आठवतं. चौकाला कमान घातली की तिच्याखालून रोज हजारो लोक जातात. बंबाचंही एक वेळ चालतं. लाल, मोठा, घंटा वाजवणारा. त्याला हार घालता येतो, नारळ फोडता येतो, चाकाखाली लिंबू ठेवता येतं. पण सिलिंडरमधल्या हवेला पाटी कुठं लावायची? आणि लावली, तरी धुरात वाचणार कोण?

मी म्हटलं, "पण पैसा तर आहे ना?" तो भरपूर आहे. २०२५-२६ चं महापालिकेचं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. मिळकतकराचं बिल काढून बघा, त्यात अग्निशामक कर नावाची वेगळी ओळ सापडेल. इमारत उंच बांधली की त्याचं शुल्क वेगळं. म्हणजे आगीच्या नावानं पैसा येतो. केंद्राकडेही आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २०२३ च्या जुलैत राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना सुरू झाली, त्यात आपल्यासारख्या राज्यांनी २५ टक्के हिस्सा स्वतःचा घालायचा. पण निधीचं आपल्या जलवाहिनीसारखं असतं. धरणातून सुटतो धो-धो आणि शेवटच्या नळाला नुसती हवा येते. बीए सेटच्या बाबतीत तीही आली असती, तरी चाललं असतं म्हणा.

अमेरिकेत यावर एक तोडगा आहे. तिकडच्या छोट्या गावांतली कितीतरी अग्निशमन दलं स्वयंसेवकांची असतात आणि रविवारी सकाळी बंब बाहेर काढून, आत टेबलं मांडून ती गावाला पॅनकेक खाऊ घालतात. गल्ल्यातून साहित्य येतं. शिवाय २००१ पासून केंद्र सरकारचं अनुदान आहे, त्यात श्वसनयंत्रं बसतात. पुण्यात पॅनकेक चालणार नाहीत, पण भवानी पेठेतल्या मुख्यालयात मिसळ ठेवली तर रांग लागेल. अडचण एकच. तर्रीवरून वाद होतील, तो रस्सा आहे की कट, यावर दोन गट पडतील आणि वर्दी आली तेव्हा बंबापुढं लावलेल्या दुचाकी काढायला कुणी उठणार नाही. दुसरी पाव-जोडी यायची असेल.

वर्गणीचा मार्ग जास्त पुणेरी. गणेशोत्सवात आपण मंडपाला, रोषणाईला, ढोल-पथकाला आणि भिंती थरथरवणाऱ्या आवाजाला पैसे देतोच. विसर्जनाला घाटावर रात्रभर उभे असतात ते अग्निशमन दलाचे जवानच. मंडळांनी त्यांना एकेक सेट द्यावा, असं मी सुचवलं. हेडक्लार्क हसले. म्हणाले, "देतील की. पण मिरवणुकीत घालून चालायला लावतील."

खर्च वाचवायचाच असेल, तर इतिहासात एक नमुना आहे. जुन्या काळी पाश्चात्त्य देशांतले आगवाले लांब दाढी राखायचे, ती ओली करून दातांत धरायचे आणि तिच्यातून श्वास घ्यायचे, असं सांगतात. आमच्या खरेदी विभागाला ही योजना फार आवडेल. भांडवली खर्च शून्य, देखभाल ज्याची त्यानं करायची, सिलिंडरची दाबचाचणी नको. पण काळ उलटा आलाय. आजचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो आणि दाढीच्या खुंटांतून धूर आत शिरतो, म्हणून जवानाला गुळगुळीत दाढी करून कामावर यावं लागतं. सध्याच्या राजकारणात दाढीला काय भाव आहे ते बघता, ज्यांची हनुवटी उघडी त्यांची फाइल मागे पडणारच.

वर्षातून एक आठवडा मात्र आपण त्यांची आठवण काढतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. पण त्याच दिवशी आंबेडकर जयंती, म्हणजे सुट्टी. ज्यांनी फायलीवर सही करायची, ती मंडळी त्या दिवशी घरी. आठवड्याचे पुढचे दिवस प्रात्यक्षिकांचे. शाळेची मुलं टाळ्या वाजवतात, पालक फोटो काढतात, आणि मग आपापल्या सोसायटीत परततात. तिथं होज बॉक्समध्ये क्रिकेटच्या बॅटी असतात आणि २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानं जानेवारीत नि जुलैत द्यायचा, यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी सेक्रेटरींच्या कपाटात कोरा असतो. सेट नसल्याचा दोष एकट्या महापालिकेला देऊन मोकळं होता येत नाही, हे लिहिताना माझ्याच इमारतीतले चार चेहरे डोळ्यांपुढे येतात. त्यांची नावं घेत नाही, पुढच्या महिन्यात सभा आहे.

तर हेडक्लार्कना मी शेवटी म्हटलं, समजा, सगळं जमलं. वर्गीकरण झालं, पूर्वगणनपत्रक झालं, स्थायीनं मान्यता दिली, सेट आले. मग?

"मग लेखापरीक्षण," ते म्हणाले आणि चष्मा पुसून सरसावले. सिलिंडर भांडवली खर्चात जातो. आतली हवा महसुली. सिलिंडर डेडस्टॉक रजिस्टरला चढतो, हवा चढत नाही, पण खरेदी तर भरलेल्या सिलिंडरची. म्हणजे आक्षेप निघणार: भरलेले घेतले, रिकामे आढळले, मधली हवा गेली कुठं?

"जवानानं वापरली."

"तसं लिहून चालत नाही. उपयोगिता प्रमाणपत्र लागतं."

"ते द्यायचं कुणी? आतून ज्याला जिवंत बाहेर काढलं, त्याची सही चालेल?"

ते विचारात पडले. चाळीस वर्षांतली सगळी परिपत्रकं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत असावीत.

"चालेल," ते म्हणाले, "राजपत्रित असला तर."