पॉल्सनच्या काळातले नाना

इमारतीत लिफ्ट असो वा नसो, एक नाना असतातच. वय पंचाहत्तरीच्या पुढे, बालपण गिरगावच्या चाळीत, आणि तोंडाची चव साधारण 1956 साली जी गेली ती अजून परतलेली नाही. राजकारणावर, क्रिकेटवर ते बोलतात, पण जुजबी. त्यांचा खरा विषय सँडविच.

कुणाकडे वाढदिवस असला की नाना बशीतलं सँडविच उचलतात आणि डॉक्टर रोग्याची पापणी उघडतात तशी वरची स्लाइस उघडतात. आत मेयोनेज आणि मक्याचे दाणे दिसले की ‘हं’ म्हणून मिटतात. मग खातात. अन्न टाकायचं नाही, हाही त्याच काळाचा संस्कार.

‘आमच्या वेळी सँडविचात तीनच गोष्टी. पॉल्सन, चटणी, काकडी.’ तीन म्हणता म्हणता उकडलेला बटाटा येतो, बिटाची चकती येते, आणि तिरंगी सँडविच निघालं की नानांचा आवाजच बदलतो. वर गाजराचा कीस लोण्यात कालवलेला, मधे नुसतं लोणी, खाली हिरवी चटणी. 15 ऑगस्टच्या भाषणांपेक्षा ते खाताना स्वातंत्र्य जास्त पटायचं, असं त्यांचं म्हणणं. राणीच्या बागेत जाताना आई ही सँडविचं ओल्या फडक्यात गुंडाळून द्यायची. कडा कापून. त्या कडांचं पुढं काय व्हायचं, हे नानांना ठाऊक नाही. नानींना आहे. त्या वाळवून, कुटून कटलेटला लागायच्या. उरल्यासुरल्या सासूबाई दुधात भिजवून स्वतः खायच्या.

पॉल्सनचं नाव घेताना नाना डोळे मिटतात. आता या लोण्याची हकिगत अशी, की ते साय आंबवून, वर सढळ हातानं मीठ घालून केलेलं असायचं. पॉल्सनच्या दूधखरेदीला वैतागलेल्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी 1946 साली स्वतःचा सहकारी संघ काढला, त्यातून पुढं अमूल आलं. ताज्या सायीचं, म्हशीच्या दुधाचं पांढरंशुभ्र लोणी. गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं. चव नाही, रंग नाही! शेवटी अमूललाच मीठ आणि पिवळा रंग घालावा लागला. म्हणजे नाना जन्मभर जिच्यासाठी हळहळताहेत ती चव शिळ्या सायीची. मी हे एकदा सांगून पाहिलं. ‘शिळी का होईना, पॉल्सनची होती ना?’ यावर काय बोलणार? हेच नाना तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंच्या सॉवरडोला मात्र ‘आंबलेला पाव’ म्हणून हसतात.

कुणी नवं स्वयंपाकघर करून घेतलं की नाना पाहणीला जातात. ट्रॉल्या ओढून बघतात, चिमणीखाली उभे राहतात आणि विचारतात, ‘पाटा कुठं ठेवलात?’ मिक्सरमध्ये पुदिना तापतो, वास मरतो, हे त्यांचं ठाम मत आहे आणि ते बरोबरही असावं. फक्त नानांनी वरवंट्याला हात लावल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 साली आली आणि वाटी-चमच्याची मापं घरोघर गेली. नानांच्या मते चवीची उतरण तिथूनच लागली. आई अंदाजानं करायची. अंदाज चुकला की आई काय करायची, हा प्रश्न त्यांना पडलेला नाही.

परवा आमच्याकडे चहाला आले असताना गाडी स्टोव्हवर आली. ‘काय तो आवाज! भरल्या घराचा षड्ज होता तो. गॅसवर कसलं आलंय सुख!’

नानी इतका वेळ बिस्किट बुडवत होत्या. ‘तुमच्या त्या षड्जाला रोज पिन मारावी लागायची,’ त्या म्हणाल्या. ‘पिन आत तुटली की बर्नर गेला. वायसर वाळला की पंप बसायचा. भडका उडाला की भुवया जायच्या. आणि रॉकेलच्या रांगेत कार्ड घेऊन मी उभी. आणखी एक सांगू? तुमचा तो पॉल्सन घरात पावशेर यायचा. सासूबाई त्यात कोमट दूध घालून घोटून घोटून अर्धा शेर करायच्या. मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवलंन्.’

आम्हाला वाटलं, नाना खचणार. नाना खुलले. ‘बघा! तरीच म्हटलं, तसं हलकं लोणी पुन्हा कुठं मिळालं नाही ते. आईची युक्ती होती!’ संध्याकाळपर्यंत ही युक्ती चार मजल्यांवर पोचली, आणि तिसऱ्या मजल्यावर तर नाना ‘घोटा, अजून घोटा’ म्हणत खुर्ची टाकून बसले होते.

रविवारी त्यांनी नानींनाही सुचवलं, की त्याच लोण्याचा, स्टोव्हवर टोस्ट झाला पाहिजे.

‘माळ्यावर आहे स्टोव्ह,’ नानी म्हणाल्या. ‘उतरवा, घासा, नवा वायसर शोधून आणा. पिन मी दाखवते कशी मारायची.’

नाना म्हणाले, तसं सँडविच गारच बरं लागतं.