बेसमेंटमधले मिस्त्री

अमेरिकेतल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक मिस्त्री असतात. पोटापाण्यासाठी ते एखाद्या विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळतात, पण तो जोडधंदा. खरा जीव गराजमधल्या करवतींत. गणपतीचं मखर, एकांकिकेतली डगमगणारी भिंत, नवीन घर घेतलेल्या कुणाचा गळका नळ, सगळीकडे यांनाच बोलावणं. "माणूस बोलवायचा का?" हा प्रश्न त्यांच्या घरात निषिद्ध आहे. "माणूस कशाला? मी आहे ना!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि त्यातली गंमत आजवर फक्त वहिनींच्या लक्षात आली आहे.

आमचे मिस्त्री मिनीॲपोलिसच्या उपनगरात राहतात. डेक बांधून झाला, बेसमेंटमधली बाथरूम झाली, पक्ष्यांची घरटी तर पक्षी कमी पडेपर्यंत झाली. मग एका जानेवारीत, बाहेर पारा उणे २५ वर असताना, त्यांनी जाहीर केलं, "सॉना बांधतोय." मूळचे हे परभणीचे. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून झोपायचा कंटाळा आला म्हणून ज्यांनी परभणी सोडली, ते आता स्वखर्चाने परभणी बांधायला निघाले होते.

जागा ठरली ती बेसमेंटच्या कोपऱ्यात, जिथे मंडळाचं मखर आणि वहिनींचे वर्षाच्या मसाल्याचे डबे असायचे. ६ फूट बाय ५ फूट, उंची ७ फूट. सॉनाचे तयार संच मिळतात, दोघांनी धरलं तर शनिवार-रविवारात उभे राहतात, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. तयार पुरणपोळ्यांचं पाकीट पुढे ठेवल्यावर आजी ज्या नजरेने बघेल, त्या नजरेने त्यांनी सांगणाऱ्याकडे पाहिलं. कॉन्ट्रॅक्टरचा आकडा तर त्यांना लूटमारच वाटला. ती लूटमार टाळण्यासाठी त्यांनी जी नवी हत्यारं घेतली, त्यांचा हिशेब वहिनींना क्रेडिट कार्डाच्या बिलावरून हप्त्याहप्त्याने कळत गेला.

त्यानंतर त्यांच्याशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलणं अशक्य झालं. हळदीकुंकवाला बायकोला सोडायला गेलेले नवरे जिन्यातच अडकायचे. लाकूड सीडर किंवा ॲस्पेन हवं. गाठींचं पाइन आत लावलंत तर उष्णतेने त्यातला चीक पाझरतो आणि पाठीला चटका देतो. व्हार्निश अजिबात नाही. बाकड्याचे स्क्रू खालून मारायचे, कारण स्क्रूचं डोकं वर राहिलं तर ८०-९० अंशांत ते कुठे डागेल हे सांगायला मिस्त्री उठून उभे राहत. खोलीच्या एका घनमीटरला साधारण एक किलोवॅट, म्हणून हीटर ६ किलोवॅटचा, त्याला २४० व्होल्टची वेगळी लाइन. दगडही कुठलेही चालत नाहीत. ते रचायचे तेसुद्धा मोकळे, मधून हवा खेळेल असे.

पण त्यांचा खरा जीव ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये. भिंतीत इन्सुलेशन, त्यावर आतल्या बाजूने ही फॉइल, प्रत्येक जोडावर फॉइलचीच टेप, मग पट्ट्या ठोकून थोडी फट आणि शेवटी फळ्या. फॉइल नसली तर वाफ भिंतीत शिरते आणि घर आतून कुजतं. म्हणजे अख्ख्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि नेमका तोच फळ्यांमागे कायमचा गडप! हे दुःख त्यांनी फोटो काढून हलकं केलं आहे. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात, हे फॉइलचे दाखवतात. "हा ईशान्येचा कोपरा. बघा, एक सुरकुती दिसते का?"

सासूबाई तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाराला कडी कुठंय?" सॉनाच्या दाराला कडी-कुलूप कधीच नसतं, दार बाहेर उघडणारं आणि नुसतं ढकललं की उघडेल असंच हवं, आत कुणाला भोवळ आली तर अडकायला नको, असं जावयांनी समजावलं. "म्हणजे कडी राहिलीच," सासूबाई म्हणाल्या.

इलेक्ट्रिकचा इन्स्पेक्टर येऊन गेला त्या दिवशी मिस्त्री जरा हिरमुसले होते. पास केलं म्हणे, पण फॉइलबद्दल एक शब्द विचारला नाही.

इतिहासाचाही त्यांनी पुरेपूर वापर केला. दिवाळीच्या कार्यक्रमाला बाहेरचा गायक आणावा की नाही यावरून कार्यकारिणीत दोन तट पडले, तेव्हा मिस्त्रींनी तोडगा काढला. १९६० साली फिनलंडचे अध्यक्ष केक्कोनेन यांनी आपल्या साठीच्या समारंभाला आलेल्या सोव्हिएत रशियाच्या ख्रुश्चेव्हना पहाटेपर्यंत सॉनात बसवून ठेवलं होतं. तेव्हा आपणही पुढची बैठक आमच्या बेसमेंटमध्ये घ्यावी. खजिनदार बाईंनी एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि बैठक नेहमीप्रमाणे लायब्ररीत झाली.

उद्घाटनाला आम्ही पाच पुरुष बर्म्युडा घालून बाकड्यावर बसलो. एकाने बनियन काढायला ठाम नकार दिला. दगडांवर पाणी टाकायची पळी मिस्त्रींच्याच हातात. पण पाणी टाकतील तर शपथ. आत हवा कुठून येते, बाहेर कुठून जाते, हे ते घामाच्या धारांत समजावत होते. ते स्वतः मात्र मिनिटभरही बसले नाहीत. एका फळीच्या सांध्यावर त्यांची नजर खिळली होती.

खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. शेजारी एक ऐंशीच्या घरातले आजोबा राहतात. त्यांचे वाडवडील फिनलंडहून मिनेसोटाच्या उत्तरेला, आयर्न रेंजच्या लोखंडाच्या खाणींत कामाला आलेले. त्या लोकांत आधी सॉना बांधायचा, त्यात राहायचं आणि मग सवडीने घर, अशीही रीत होती. बायकांची बाळंतपणं सॉनातच होत. अशा घराण्यातल्या माणसाला मिस्त्रींनी आग्रहाने बोलावलं.

आजोबा आले, टॉवेल अंथरून बसले, एक पळी पाणी टाकलं आणि डोळे मिटले. मिस्त्रींनी फॉइलचा विषय काढून पाहिला. आजोबा गप्प. किलोवॅटचं गणित मांडून पाहिलं. आजोबांनी आणखी एक पळी टाकली. वीसेक मिनिटं मिस्त्रींच्या आयुष्यात पहिल्यांदाच श्रोता समोर असून व्याख्यान झालं नाही. निघताना आजोबा एवढंच म्हणाले, "छान आहे. पाय गार राहतात."

मिस्त्रींनी टेप काढली. पाय ठेवायची फळी दगडांच्या माथ्यापेक्षा वर हवी, हा त्या लोकांचा साधा नियम. उष्णता सगळी वर असते, पाय खाली राहिले की डोकं तापतं आणि तळवे थंड. यांची फळी दगडांच्या सात इंच खाली होती. म्हणजे बाकडी उचलायला हवीत, पण वर छत सातच फुटांवर. म्हणजे हीटर बदलून बुटका आणायचा. म्हणजे वायरिंग हलवायचं. म्हणजे त्या बाजूच्या फळ्या काढायच्या.

"अरेरे," आम्ही फोनवर म्हणालो.

"अहो, अरेरे कसलं?" वहिनी म्हणाल्या. पाठीमागून करवतीचा आवाज येत होता. "सकाळी सहापासून शीळ घालताहेत. फॉइल पुन्हा दिसणार आहे ना!"