शांत गाव दोन दिवसांत कसं आटपावं

शहराचा वीट आला आहे? घाबरू नका. शहर सोबत घेऊन निघायची सोय आहे. नवशिक्यांनी सुरुवात वाईपासून करावी. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर, कृष्णाकाठ, सात घाट, जुने वाडे. एवढं सगळं दोन दिवसांत आटपायचं तर शिस्त हवी.

१. शनिवारी सकाळी सातला निघा. अख्खं पुणं तेव्हाच निघतं, त्यामुळे परकं वाटत नाही. खंबाटकी घाटात गाडी तासभर अडकली तर चिडू नका. सहलीत डोंगराकडे निवांत बघायला मिळणारा वेळ तेवढाच.

२. गावातली गल्ली बैलगाडीच्या काळातली आहे, त्यात तुमच्या गाडीचा दोष नाही. ती मधोमध लावा. बाजारातून येणाऱ्या आजी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बोनेटला वळसा घालतील. वाईट वाटेलच. काच वर घ्या, कमी होतं.

३. ढोल्या गणपतीला जा. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं देऊळ. एका दगडातली ती भव्य मूर्ती बघून स्वतःच्या पोटाविषयी समाधान मानून घ्या. देवळाच्या मागे मात्र फिरकू नका. तिथली भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. हे कळायला पाच मिनिटं नुसतं उभं राहावं लागतं, आणि तिथे सेल्फीही धड येत नाही.

४. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया दिसल्या की ‘किती ऑथेंटिक!’ म्हणा. ‘ओ दादा, बाजूला व्हा, पाणी उडंल,’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा, ‘ताई, पुन्हा एकदा उडवा, व्हिडिओ घेतोय.’

५. वाईजवळची मेणवली उरका. नाना फडणवीसांचा वाडा, आणि घाटावर चक्क चर्चची घंटा. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेली ही घंटा आज शंकराच्या शेजारी टांगलेली आहे. यावर विचार करत बसलात तर उशीर होईल. एवढंच विचारा: ‘स्वदेस’मध्ये शाहरुख नेमका कुठे होता? वाई गावानं ‘गंगाजल’मध्ये बिहार आणि ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश होऊन दाखवलं आहे. तुमच्यासाठी दोन दिवस कोथरूड व्हायला त्याला काय जड जाणार?

६. खानावळीत पिठलं-भाकरीच मागवा. आल्यावर विचारा, ‘यात चीज घालून मिळेल?’

७. ज्ञानाची काळजी नको. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा संसार याच गावात मांडला. पण सरकारी कार्यालय शनिवार-रविवार बंद. वीस खंडांतून सुटल्याचा आनंद उघड दाखवू नका; हळहळा.

८. रविवारी दुपारी जमिनीचे भाव काढा. ‘रिटायर होऊन इथेच राहायचं, काय शांतता आहे!’ असं मोठ्यानं म्हणा, म्हणजे शेजारच्या टेबलावरचा एजंट उठून तुमच्याकडे येईल. गुंठ्याचा भाव ऐकून निवृत्ती पुढे ढकला.

९. निघताना रिकाम्या बाटल्या घाटाच्या पायरीवर ओळीनं मांडून ठेवा. फेकणं वाईट, मांडणं ही संस्कृती.

सोमवारी ऑफिसात कुणी विचारलंच, तर खांदे उडवून सांगा, ‘वाई ना? छान आहे. पण गर्दी फार वाढली हो हल्ली, आणि बघण्यासारखं तसं काही नाही.’

पुढच्या शनिवारी सावंतवाडी. ऐन गावात मोती तलाव आहे. गाडी काठालाच लावा.