यादीत नाव आहे का?

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉलपटू आता उघड लिलावात उभा आहे. 2018 पासून तिथे ‘ट्रान्सफर पोर्टल’ आहे. पोराने त्यात नाव टाकलं की दुसऱ्या कॉलेजांचे प्रशिक्षक फोन फिरवायला लागतात. 2021 पासून त्याला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमावता येतात. 2025 च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर तर एका कॉलेजला पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम आपल्या खेळाडूंत थेट वाटायची मुभा मिळाली. म्हणजे पावणेदोनशे कोटी रुपयांच्या घरात.

तिथले जुने जाणते हळहळतात, की पैशाने कॉलेजचा खेळ बिघडवला.

आमच्या जबलपुरात या बाबतीत अजून सगळं शुद्ध आहे. पैसाच नाही.

इथे संघ कसा उभा राहतो? नोटीस लागते. बहुधा निवड चाचणी होऊन गेल्यावर. मग क्रीडा शिक्षक व्हरांड्यात उभे राहून उंचीवरून मुलं हेरतात. ‘क्रिकेट खेळतोस ना? मग उद्या हँडबॉलला ये.’ चेंडू काय, दोन्हीकडे गोलच.

संघात चार खेळाडू असतात, तीन त्यांचे मित्र, दोघे प्रमाणपत्रासाठी आलेले. एकाकडे मोटारसायकल असते. अकरावा घ्यावाच लागतो, कारण फॉर्मवर सही कुठे मिळते ते त्यालाच ठाऊक असतं.

मग या शहरात खेळाडू निपजत नाहीत का? निपजतात की! रानीतालला राज्याची तिरंदाजी अकादमी आहे. मुस्कान किरार इथलीच. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कंपाउंडच्या सांघिक रौप्यात तिचा वाटा होता. आता कामाची वाटणी पाहा. धनुष्य हाती देते अकादमी, हजेरीचा हिशेब ठेवतं कॉलेज, आणि हार घालायला येतात आमदार.

खाजगी विद्यापीठांना मात्र धंदा कळला. फी माफ, वसतिगृह, खुराक, वर प्रवेशाची हमी. मौलाना अबुल कलाम आझाद करंडक म्हणजे विद्यापीठीय खेळांतला सर्वोच्च मान. अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने तो इतक्यांदा नेला, की तो तिथलाच वाटावा. 2024 च्या पुरस्कारांत तो खाजगी चंडीगढ विद्यापीठाकडे गेला. जाहिरातीच्या फलकावर आता प्राध्यापक दिसत नाहीत, पदकं दिसतात.

नीरज चोप्राचंच घ्या. 2021 मध्ये तो सैन्यात सुभेदार होता आणि लवली प्रोफेशनल विद्यापीठात विद्यार्थी. टोकियोत भाला एकदा पडला, अभिनंदनाच्या जाहिराती किती पडल्या?

आमच्या मराठी मुलखात कॉलेजने खेळाडूमागे पैसा लावल्याची एकच गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. 1952. खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायचं होतं आणि सरकारचा हात आखडता होता. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्य घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

प्राचार्यांच्या घराची ही गोष्ट आपण सत्तर वर्षं डोळे पुसत सांगतोय. क्रीडा खात्याने ती तक्रार म्हणून कधी ऐकलीच नाही.

आपल्याकडे भरती होतच नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. 1904 ची गन कॅरेज फॅक्टरी आहे, लष्करी गाड्यांचा कारखाना आहे. इथला बाप पोराला मैदानावर धाडतो तो ऑलिंपिकसाठी नव्हे, क्रीडा कोट्यासाठी. आपला खरा हेर म्हणजे ‘रोजगार समाचार’.

यात बापाचं काय चुकलं? पदक भिंतीवर राहतं, पेन्शन बँकेत येते.

नोकरीचीही एक गंमत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे 2015 पासून मध्य रेल्वेत, हुद्दा तिकीट तपासनीस. 2024 मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य लागलं आणि लगोलग बढती आली. त्याचा नेम साहेबांना थेट पॅरिसहूनच दिसला.

महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यावर ट्रॅम्पोलिनपटू उगवले. ट्रॅम्पोलिनला कधी पाय न लागलेले. बोगस प्रमाणपत्रं, चौकशी, अटका, सगळं झालं. उडी मात्र अचूक होती, थेट नोकरीत.

एवढ्यातूनही जो खरा खेळाडू उरतो, घाम गाळतो, विद्यापीठाच्या संघात येतो, देशाच्या संघात येतो, त्याचं काय होतं?

जुलै 2025. जर्मनीत राईन-रूरला जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा. भारतीय विद्यापीठ महासंघाच्या पथकातून बॅडमिंटनचे 12 खेळाडू गेले. संघ-व्यवस्थापकांच्या बैठकीत सगळ्यांची नावं नीट दिली गेली नाहीत आणि सहाच जणांना खेळता आलं. बाकीचे सहा रॅकेट घेऊन जर्मनीत प्रेक्षक झाले.

अमेरिकेतलं मोठं कॉलेज फुटबॉलसाठी 105 जणांचा संघ सांभाळतं. आपल्याला डझनभर नावं एका कागदावर उतरवता आली नाहीत.

खेळलेल्या सहा जणांनी मिश्र सांघिक कांस्य जिंकलं, हे वर. महासंघाने चौकशी लावली, एका वरिष्ठ अधिकाऱ्याला निलंबित केलं. खेळायला न मिळालेल्यांनी समाजमाध्यमांवर विचारलं, आमचा गुन्हा काय?

गुन्हा एकच. ते खेळाडू म्हणून गेले. पथकाबरोबर गेलेल्या एखाद्या अधिकाऱ्याचं नाव यादीतून गळलं आणि त्याला विमानतळावरून परत यावं लागलं, असं मात्र आजवर ऐकिवात नाही.