वानप्रस्थाची तयारी

पन्नाशी उलटली की माणसानं वनाची वाट धरावी, असं आपल्याकडे सांगून ठेवलं आहे. मी धरली, पण फक्त रविवारी, आणि तीही संध्याकाळच्या चहाला परत येण्याच्या बोलीवर. उरलेले सहा दिवस माझी ही फोर-बाय-फोर कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबांच्या सावलीत, पुढच्या रिक्षाच्या पाठीवरचा मजकूर वाचत उभी असते. मैफलीच्या गवयाला मंगलाष्टकं म्हणायला बसवावं, तशी ती दुसऱ्या गिअरमध्ये घुमते आणि नळस्टॉपच्या सिग्नलला एक खोल उसासा टाकते. तो उसासा क्लचचा असतो हे मला कळतं. तरी मी तो तिच्या मनाचाच धरतो.

मोठ्या गिअरच्या शेजारी एक बुटका दांडा आहे. त्या दांड्यापायीच मी जास्तीचे पैसे मोजले. टू-एचला फक्त मागची चाकं गाडी रेटतात, फोर-एचला चारही, आणि फोर-एलला चारही अगदी सावकाश, पण दांडगाईनं. गंमत अशी, की कोरड्या डांबरी रस्त्यावर हा दांडा हलवायचाच नाही. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची छोटा. दोघांना एकमेकांशी बांधलं की कुणालाच आपला फेरा नीट पुरा करता येत नाही आणि आतल्या दात्यांवर ताण येतो. चिखलात किंवा वाळूत चाकं थोडी घसरून घेतात आणि भांडण मिटतं. एकोपा टिकायला जरासा निसरडेपणा लागतोच. आमच्या एकत्र कुटुंबात ते खातं आजीकडे होतं. ऐन वेळी तिला ऐकू यायचं नाही. तर सांगायचं म्हणजे, ज्याच्यासाठी गाडी घेतली ते पुण्यात वापरता येत नाही, आणि जिथं वापरता येतं तिथं मी वर्षाकाठी आठ-दहा दिवस असतो.

ही ओढ आली कुठून? लहानपणी आमच्या गावात मोटार म्हणजे जीपच. तहसीलदारांची, हिवतापाच्या फवारणीवाल्यांची, आणि निवडणुकीत कर्णा बांधून येणारी. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत जन्मलेली विलीज 1947 पासून महिंद्रांनी आपल्याकडे आणायला, जुळवायला घेतली, आणि रणांगणासाठी घडलेल्या त्या गाडीच्या नशिबी आमच्या तालुक्यात तगाईची वसुली आली. तिच्यामागे धुळीतून धावण्यात आमची एक अख्खी पिढी दमली.

पण खरी ऑफ-रोड गाडी आमच्याच गोठ्याशेजारी उभी होती. रोज शेणखत, कडबा, पोती. वर्षातून एकदा जत्रा. जत्रेआधी आजोबा तिची चाकं काढून लोहाराकडे न्यायचे. उन्हाळ्यात लाकूड आटतं, आरे खिळखिळे होतात, वरची लोखंडी धाव सैल पडते. लोहार ती उतरवायचा, बोटभर कापून पुन्हा सांधायचा आणि गोवऱ्यांच्या आरात घालून लाल करायचा. मग तिघं-चौघं सांडशींनी धरून ती चाकावर बसवत आणि घाईघाईनं पाणी ओतत. चर्र्र आवाज, वाफेचा लोट, जळक्या लाकडाचा वास. आणि त्या वाफेच्या आत चाक कण्हत कण्हत आवळत जायचं. निवताना धाव आकसते आणि आऱ्यांना, तुंब्याला असं कवटाळते की सासरहून आलेल्या लेकीला आईनंही तसं धरू नये. सगळं निवलं की आजोबा चाकावर काठीनं टकटक करायचे, मान तिरकी करून आवाज ऐकायचे आणि काही न बोलता तंबाखू काढायचे. जत्रा चार कोसांवर, तयारी पंधरा दिवसांची. जत्रेतलं मला आज फक्त शेव-रेवड्यांचं पुडकं आठवतं. धाव मात्र शेवटच्या फसफशीपर्यंत आठवते.

त्या हिशेबानं मी काही फार बिघडलेलो नाही. आधी टायर बदलले. मापाचेच, पण ऑल-टेरेन. त्यांची नक्षी खोल असते, बाजू जाड असतात, आणि साठच्या पुढे ते भुंग्यासारखे गुणगुणतात. बायकोला वाटलं, बेअरिंग गेलं. गॅरेजमधला मुलगा एक माप मोठे घ्या म्हणून मागे लागला होता. टायर घेरानं पाच टक्के मोठा घातला, तर 100 किलोमीटर तोडून गाडी काट्यावर 95 च दाखवते. वय चोरायची ही सोय मला मोहात पाडून गेली, पण मी आवरलं. मग तो म्हणाला, “काका, दोन इंच उचलून टाकू ना. कडक दिसेल.” मी त्याला मोटार वाहन कायदा 1988, त्यातलं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2019 मधला निकाल असं सगळं ऐकवलं, की बाबा रे, कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार चालत नाही. भर लग्नात हुंडाबंदीवर बोलणाऱ्या पाहुण्याकडे बघावं, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

कलम 52 खरंच आहे. पण माझं कारण आईचे गुडघे हे होतं.

गाडी घरी आली त्या दिवशी आईनं कुंकू लावलं, नारळ ओवाळला, आणि दार उघडल्यावर आत बघून म्हणाली, “अरे, ही गाडी आहे का माडी? जिना कुठाय हिचा?” अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना ग्राउंड क्लिअरन्सचं कौतुक नसतं. बाजूला पायरी लावून घ्यायची म्हटलं, तर जाणकार सांगतात, पायरी खाली लोंबते. खडकाळ वाटेवर दोन चाकांच्या मधलं गाडीचं पोट आधीच घासायला टपलेलं असतं, तिथं ही पहिली मोडते. डोंगर म्हणे वर हो, आई म्हणे खाली ये. शेवटी मार्ग तिनंच काढला. माळ्यावरून पाट उतरवायला लावला. सागवानी, पितळी फुलं जडवलेला, माझ्या मुंजीतला. आता दर गुरुवारी मठात जायला निघालो की मी आधी उतरतो, दाराशी पाट मांडतो, ती उजवं पाऊल त्यावर ठेवून “श्रीराम” म्हणते आणि राज्याभिषेकाला चढावं तशी चढते. मग पाट डिकीत जातो.

डिकीत त्याचे सोबती भारदस्त आहेत. ओढायचा जाड पट्टा, लोखंडी शॅकल, घडीचं फावडं, हवा भरायचा कॉम्प्रेसर. डोंगरात त्यांनी घाम गाळला असं मी म्हणणार नाही. फावडं सोसायटीच्या तुळशीवृंदावनाची माती उकरायला जातं. पट्ट्यानं एकदा तिसऱ्या मजल्यावरच्यांचं कपाट गच्चीवरून खाली उतरवलं. कॉम्प्रेसर तर मुलांच्या नावावरच जमा झाला आहे. संध्याकाळी सायकली आणि पिचलेले फुटबॉल घेऊन पाच-सहा जण माझ्या बॉनेटपाशी रांग लावतात. एक चिमुरडी रोज येते. तिच्या चाकात हवा पूर्ण असते. तिला फक्त काटा हललेला बघायचा असतो.

आणि तरी रविवार येतोच. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही दोन गाड्या घेऊन मुळशीकडे गेलो. धरणाच्या पाण्याच्या कडेनं वर निघणारी तांबड्या मातीची एक वाट होती. डांबर संपलं तिथं थांबून मी टायरमधली हवा सोडली, 32 वरून 20 वर. हवा जाताना टायर हळूहळू पसरतो, जमिनीवर लांब टेकतो. भातलावणीला खाचरात उतरलेल्या माणसाची बोटं चिखलात फाकतात तसा. ती सुस्कारणारी दोन मिनिटं मला सगळ्या सहलीहून आवडतात. मग बुटका दांडा मागे ओढला. आत कुठंतरी ‘खट्’ झालं आणि माझ्या छातीतही.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. अर्ध्या तासानं डावं मागचं चाक बैलगाडीच्या जुन्या चाकोरीत गेलं आणि गाडी एका अंगावर कलंडून बसली. तिरकस जोडीतलं उजवं पुढचं चाक अधांतरी झालं. साध्या डिफरन्शियलचा न्याय असा, की ज्या चाकाला पकड नाही, फिरणं सगळं त्याच्याच वाट्याला. ते हवेत गरगरत होतं, चाकोरीतलं मागचं चिखलात घसरत होतं आणि पकड असलेली उरलेली दोन्ही ढिम्म. ऑफिसात हे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं, यंत्रात प्रथमच. पट्टा बांधायला दुसरी गाडी पुढे येईना, वाट तेवढी रुंद नव्हती. जॅक लावला, तर गाडी जागची हलेना आणि जॅकच शांतपणे चिखलात उतरत गेला. बांधावर गुरं घेऊन एक आजोबा उभे होते. बराच वेळ बघून म्हणाले, “सायेब, बुडाला कायतरी घाला की. फळी न्हाई का?”

डिकी उघडली. तासाभरानं चाकाखाली दगड रचून आम्ही बाहेर पडलो.

घरी आल्यावर पाट न्हाणीघराशी लपवला होता, पण आईला सापडला. नारळाच्या शेंडीनं घासत बसली. तांबडी माती निघाली. मधोमध जॅकच्या पायाचा चौकोनी ठसा मात्र लाकडात रुतून बसला होता. त्यावरून तिनं दोनदा बोट फिरवलं.

“मुंजीत सोळा किलोचा होतास तू,” ती म्हणाली. “ह्यावर कोण बसलं होतं?”

“गाडी.”

“बरं,” आई म्हणाली, “म्हणजे तिची आत्ता मुंज झाली. वनात जायला वेळ आहे अजून.”