चौकट दश्शीची किंमत

पांडवांनी द्यूतात राज्य घालवलं ते हस्तिनापुरात. हस्तिनापूर आज मेरठ जिल्ह्यात येतं आणि मेरठ जिल्हा येतो दिल्लीच्या एनसीआरमध्ये. हरलेलं इंद्रप्रस्थ दिल्लीत, हरण्याची सभा मेरठकडे, आणि द्रोणाचार्यांचं म्हणून सांगतात ते गुडगाव तर २०१६ साली सरकारी कागदांतही गुरुग्राम झालं. खेळांच्या चिन्हमीमांसेवर पीएच.डी. करायला याहून बरी जागा नाही, असं सांगलीच्या एका मुलीने घरी पटवून दिलं. घरच्यांना पटलं नव्हतं, पण तिकीट काढून झालं होतं.

चिन्हमीमांसा म्हणजे खुणांना अर्थ कुठून येतो याचा अभ्यास. बुद्धिबळातला घोडा, चौकातला लाल दिवा यांचा अर्थ त्या वस्तूंत नसतो. सगळ्यांनी मिळून तो मानलेला असतो. (दिल्लीत लाल दिव्याबद्दल अजून एकमत झालेलं नाही, ते सोडा.) हे सगळं ऐकून घेतल्यावर आत्याने फोनवर विचारलं, "म्हणजे शेवटी पी.टी.ची बाईच होणार ना गं?" दिल्लीतल्या मुनिरक्याच्या घरमालकांनी बरसातीची, म्हणजे गच्चीवरच्या खोलीची, किल्ली हातात ठेवता ठेवता वेगळीच आशा धरली. "गेम्स में पीएचडी? तो बेटा, हमारे लड़के का पबजी छुड़वा दो." मुलाचं पबजी काही सुटलं नाही. संशोधनाला मात्र घरबसल्या माहितगार मिळाला, तोही भाड्यात.

सोस्यूर तिला खरा कळला तो मुनिरक्याच्या एका बागेत. जिनिव्हाचा हा भाषाशास्त्रज्ञ गेल्यावर, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून त्याचं पुस्तक १९१६ साली निघालं. त्यात तो म्हणतो, बुद्धिबळातला घोडा हरवला तर त्या जागी दुसरं काहीही ठेवा; त्याला घोड्याची किंमत दिली की तो घोडा. कॅरमच्या राणीच्या जागी शर्टाचं लाल बटण ठेवून वाढलेल्या मुलीला यात नवीन वाटण्यासारखं काही नव्हतं. पण बागेत चार निवृत्त काका रोज पत्त्यांचा 'सीप' मांडून बसत आणि तिथे प्रकरण खोल होतं. सीपमध्ये इस्पिकच्या प्रत्येक पानाला त्याच्या आकड्याएवढे गुण, एक्का एक ते राजा तेरा, म्हणजे एकूण ९१. उरलेल्या तीन एक्क्यांचे तीन. आणि चौकट दश्शीचे सहा.

दहाच्या पानाचे सहा का, हे तिने वही काढून रीतसर विचारलं. "इसका मतलब क्या है, अंकल?"

"मतलब छह."

दुसऱ्या काकांना दया आली. त्यांनी बोटांवर बेरीज करून दाखवली: ९१ आणि तीन ९४, सहा मिळाले की बरोबर शंभर. हिशोब पुरा व्हायला सहा कमी पडत होते, ते कुणाच्या तरी गळ्यात घालायचे म्हणून चौकट दश्शीच्या. चिन्हाची किंमत त्याच्या अंगची नसते, पूर्ण रचनेतल्या जागेवरून ठरते, हे सांगायला सोस्यूरला पानंच्या पानं लागली होती. यावर कडी म्हणजे त्या जोडातली खरी दश्शी केव्हाच हरवली होती. तिच्या जागी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा होता. एका बाजूला बॉलपेनने लाल चौकट आणि १०, उलट बाजूला अर्धा गणपती. पाठीवरून पान ओळखू येतं, ही उघड फसवणूक नाही का? पण चौघांनाही ते दिसत असल्याने चौघांची हरकत नव्हती. गाइडनी हा मजकूर वाचून समासात लिहिलं, 'संदर्भ?'

तिचा मुख्य ग्रंथ पबजी. ज्ञानेश्वरीवर काम करणाऱ्याला निदान एक भरवसा असतो. सकाळी उठून पाहावं तर ग्रंथ जागेवर असतो. इथे २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली आणि त्यात पबजी मोबाइल गेलं. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. सहामाही प्रगती अहवालात 'ग्रंथ सध्या फरार' असा रकाना नसतो. परत आलेल्या अवतारात रक्त हिरवं झालं होतं, आणि माणूस 'किल' न होता 'फिनिश' व्हायला लागला होता. बंदूक तीच, नेम तोच, पडणाराही तसाच पडतो. खूण बदलली आणि खेळ सभ्य ठरला. या हिरव्या रक्तावर तिने एक अख्खं प्रकरण काढलं.

पुढचं प्रकरण पैसे लावून खेळायच्या रमीच्या अ‍ॅपवर होतं. कौशल्य कुठे संपतं आणि नशीब कुठे सुरू होतं, यावर कोर्टांनी वर्षानुवर्षं खल केला होता, तिनेही केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने हे ऑनलाइन पैशांचे खेळच बंद करणारा कायदा केला. लोकसभा २० तारखेला, राज्यसभा २१ ला, राष्ट्रपतींची सही २२ ला. अख्ख्या प्रकरणातला वर्तमानकाळ तिला भूतकाळ करावा लागला. फाइंड-रिप्लेसने मराठी क्रियापदं बदलत नाहीत, हा त्यातला तिचा मूलभूत शोध.

आत्याचं मत त्याच वर्षी फेब्रुवारीत बदललं होतं. तालकटोरा स्टेडियममध्ये ९८ वं मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होत्या तारा भवाळकर, लोकसाहित्याच्या अभ्यासक, त्यात सांगलीच्या. "ताराबाई ओव्यांवर लिहून तिथवर गेल्या, तू लुडोवर जा," असा आशीर्वाद आला. याच स्टेडियममध्ये २०१९ च्या जानेवारीत एका आईने पंतप्रधानांपुढे मुलाच्या मोबाइलची तक्रार मांडली तेव्हा त्यांनी हसत विचारलं होतं, हा पबजीवाला आहे का? हा दाखला तिच्या प्रबंधात प्रास्ताविकातच आहे. देशाचा पंतप्रधान ज्याचं नाव घेतो तो विषय किरकोळ कसा, असा तिचा मुद्दा.

मुद्दा बरोबर आहे, आणि आपल्याला थोडा लागायलाही हवा. आपला मोक्षपट घ्या. सापशिडीचा हा मराठी भाऊबंद. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे आणि वर वैकुंठ. ज्ञानेश्वरांनी तो काढला असं आपण हौसेने सांगतो. पुरावा मात्र नाही. पश्चिम भारतातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या अशा पटांवर सविस्तर प्रबंध लिहिला तो जेकब श्मिट-मॅडसन यांनी, कोपनहेगन विद्यापीठात, २०१९ साली. किंवा सावंतवाडीचे गोल पत्ते घ्या. तिथल्या दशावतारी गंजिफ्यात १२० पानं असतात, दहा अवतारांची बारा-बारा; दिवसा रामाचं पान असलेला खेळ सुरू करतो, रात्री कृष्णाचं. घड्याळ बघून डाव मांडणारा खेळ आपल्या माळ्यावर पडून असतो आणि आपण सिमेंटच्या पिशव्यांबरोबर तो भंगारवाल्याला देतो.

तेव्हा या दिवाळीत माळा काढाल तर कापडी पट, गोल पत्ते, लाकडी सोंगट्या जे निघेल ते टाकू नका. फोटो काढा, कुणाच्या घरातलं, कुणी खेळायचं ते मागे लिहून ठेवा आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाला कळवा. चार पानं कमी असली तरी हरकत नाही. लग्नपत्रिका घरात असतातच.