'अधिक सी' कुठं गेला हो?

गोष्ट खरं तर कानात सांगायची. पण शेगावात कचोरीच्या गाडीवर ती भर दुपारी, चारचौघांत, मोठ्या आवाजात चालली होती. तेव्हा छापायला हरकत नसावी. कॉलेजातल्या बी.एस्सी.च्या पोरांनी म्हणे कॉम्प्युटरवर इंटिग्रेशन केलं आणि उत्तरात 'अधिक सी' आलाच नाही!

एका निवृत्त मास्तरांची कचोरी हातातच राहिली. ज्या सीपायी त्यांनी उभ्या नोकरीत अर्धा-अर्धा मार्क कापला, तो सी यंत्रानं कोणाला न विचारता गाळून टाकला? "मंग त्या कॉम्प्युटरचाच मार्क कापा ना, राजेहो!" बाजूच्यानं तोडगा काढला.

आरोप खरा आहे. मॅक्सिमा नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याच्याकडे एक भागिले एक्सचं इंटिग्रेशन मागा, 'लॉग एक्स' एवढं बोलून ते मोकळं होतं. सी नाही, की एक्सच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा नाहीत. बरं, निर्लज्जपणा इथं संपला असता तर गिळला असता. एक्सचा एनवा घात दिला, तर उत्तराआधी ते उलट आपल्यालाच विचारतं : एन हा उणे एक आहे का? बारावीच्या गणिताच्या भाग दोनमध्ये हा अपवाद सूत्राच्या पुढे कंसात, बारीक अक्षरात लिहिलेला असतो आणि तो वाचायचा नाही अशी आपल्याकडची रीत आहे. आता यंत्र तोंडावर विचारतं. पोरगं गडबडतं. गडबडलेलं पोरगं मग सरांकडे येतं, आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते.

स्थळाची चौकशी केलीच पाहिजे, म्हणून खानदानही पाहिलं. मॅक्सिमाचं मूळ घराणं मॅक्सिमा नव्हे, मॅकसिमा. अमेरिकेत एमआयटीमध्ये 1968 साली सुरू झालेलं. त्याची एक पाती सरकारी ऊर्जा खात्याकडे गेली. विल्यम शेल्टर नावाच्या प्राध्यापकानं ती 1982 पासून मरेपर्यंत, म्हणजे 2001 पर्यंत सांभाळली, आणि 1998 मध्ये परवानगी काढून साऱ्या जगाला मोकळी करून दिली. दुसरं स्थळ जिओजेब्रा. हे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचं. मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्यानं पदव्युत्तर प्रबंधासाठी ते बांधायला घेतलं. घराणी चांगली, हुंडा शून्य. क्लासवाल्यांच्या पोटात गोळा येतो तो इथंच.

जिओजेब्राची तक्रार तर आणखी गंभीर. त्यात वक्ररेषा काढायची, तिच्यावर दोन बिंदू ठेवायचे, त्यांतून जाणारी रेघ ओढायची आणि खालची सरकपट्टी बोटानं ढकलायची. दुसरा बिंदू पहिल्याकडे सरकत जातो, रेघ कलत कलत स्पर्शिका होते, आणि डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय ते व्याख्येच्या आधीच दिसून जातं. व्याख्येच्या आधी! साखरपुड्याच्या आधी फिरायला जाण्याचाच हा प्रकार. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात जेरी उल आणि होरासिओ पोर्टा यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस याहून पुढची मजल मारली होती. मॅथेमॅटिका हे सॉफ्टवेअर नुकतं, 1988 साली आलेलं. यांनी कॅल्क्युलसची व्याख्यानंच जवळजवळ मोडीत काढून पोरांना यंत्रापुढे बसवलं. आधी चित्र, मग शब्द. फळ्याचं काय झालं असेल, देव जाणे.

वाटलं होतं, ही हवा घाट चढून वर येणार नाही. पण पुणे विद्यापीठानं बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षाच्या प्रात्यक्षिकांत मॅक्सिमा घातलं, आयआयटी मुंबईनं जिओजेब्रा आणि सायलॅब शिकवणारी छोटी 'स्पोकन ट्युटोरियल' काढली, आणि आता घाटावरच्या चिखली-मेहकरच्या काय, घाटाखालच्या नांदुरा-मलकापूरच्या काय, कोणत्याही पोराच्या मोबाईलवर सरकपट्टी सरकू शकते. "परदेशी खूळ," मास्तर म्हणाले. त्यांना कसं सांगावं, की मूळ खोड शेजारच्याच जिल्ह्याकडे बोट दाखवतं? 1150 साली लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत भास्कराचार्य ग्रहाची तात्कालिक गती काढत बसले होते, म्हणजे दिवसभराची नाही, त्या क्षणाची. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. तेव्हाही गाडीवर चर्चा झालीच असेल.

पण कळस पुढेच आहे. लोणारच्या विवराचं घनफळ! काठापासून काठापर्यंत साधारण 1.8 किलोमीटर, खोली साधारण 150 मीटर. एक पॅराबोला काढायचा, मधल्या आसाभोवती फिरवायचा. पडद्यावर चक्क लोणार तयार होतं आणि फिरवून सगळीकडून बघता येतं. इंटिग्रेशन सांगतं, सुमारे 19 कोटी घनमीटर. तेवढ्यात कोणीतरी आगाऊ पोरगी पॅराबोलाच्या जागी सरळ रेघ घालते. वाडग्याचा शंकू होतो, आणि उत्तर पावणेतेरा कोटींच्या आसपास येतं. सव्वासहा कोटी घनमीटर कुठं गेले? यंत्र दोन्ही उत्तरं सारख्याच ठामपणे देतं. मग लोणारचा उतार खरा कसा आहे, तळाला गाळ किती साचलाय, खोली काठापासून मोजली की पाण्यापासून, हे प्रश्न निघतात. गणिताच्या तासाला गाळाची चौकशी! 2020 मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हासुद्धा एवढी खळबळ उडाली नसेल.

मास्तरांचा एक मुद्दा मात्र मला पटला. "पडद्यावर आलं ते मानायचं? हे काय भेंडवळची घटमांडणी हाय, पहाटे जाऊन पाहावं अन् साऱ्या जिल्ह्यानं मान डोलवावी?" बरोबर आहे. यंत्र गप्पा माराव्या तशी थापही मारतं. एक वजा कॉस एक्स, भागिले एक्सचा वर्ग. एक्स शून्याकडे नेला की सीमा येते एक द्वितीयांश. हे हातानं दोन ओळींत निघतं. आता दशांशात हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरला एक्स म्हणून दहाचा उणे आठवा घात द्या. ते साळसूदपणे शून्य म्हणेल. त्याला साधारण सोळाच अंक लक्षात राहतात. कॉस एक्स एकाला इतका चिकटतो की वजाबाकीत हाती काही उरत नाही.

म्हणून माझ्या मते खरी भानगड सीची नाहीच. इतकी वर्षं अपेक्षित प्रश्नसंचातली इंटिग्रलं पाठ करून, ती कशाचं क्षेत्रफळ आहेत हे न विचारता पोरं पास होत होती. त्यावर कचोरीच्या गाडीवर कोणी ब्र काढला नव्हता. सरकपट्टीमुळे पोरं 'कावून?' म्हणायला लागली, आणि लगेच संस्कृती बुडाली. मास्तरांना मी हे म्हणालो, तर त्यांनी तिखट मिरचीचा तुकडा तोडला आणि विषय बदलला.

एक ताजी कुणकुण आहे, खरी-खोटी तुम्हीच तपासा. घाटाखालच्या कुठल्याशा कॉलेजात ओरल घ्यायला आलेल्या बाईंनी पोराला एकही प्रश्न विचारला नाही म्हणे. त्याचं जर्नल मिटलं, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि म्हणाल्या, "आता तू मला असा प्रश्न विचार, ज्यावर हे चुकेल." पोरगं पाच मिनिटं घामाघूम, आणि बाहेर रांगेत उभ्या बाकीच्यांची पळापळ : गाईडात हे कुठल्या पानावर आहे?